काळोखाची सोय

मराठी घरातून अमावास्येच्या रात्री कुणी आनंदाने बाहेर पडत असेल, तर तो एक तर चोर असतो किंवा हौशी आकाशनिरीक्षक. दोघांचं साहित्य साधारण सारखंच: गडद कपडे, झाकलेली बॅटरी, निर्मनुष्य जागांची माहिती आणि वाटेत पोलिसाने हटकलंच तर द्यायचं एक उत्तर. चोराचं उत्तर पोलिसाला निदान समजतं. रात्री दीड वाजता आडरानात गाडी लावून तुम्ही ‘तारे बघतोय’ असं सांगितलंत, तर तो आधी तुमच्या तोंडाचा वास घेतो.

आमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय एकच असलं, तरी ते वाचणारे पंथ दोन आहेत. आई त्यात संकष्टीचा चंद्रोदय बघते, मी अमावास्या बघतो. त्यातही अमावास्या शनिवारी आली, की आमच्या मंडळींचे मोबाइल दोन आठवडे आधीपासून वाजायला लागतात, कारण दुसऱ्या दिवशी रविवार आणि दुपारपर्यंत झोपायची सोय. आईच्या लेखी तीच शनी-अमावास्या.

“सगळे दिवस सोडून आजच निघालास?”

“अगं, आजच काळोख असतो.”

“म्हणूनच म्हणतेय.”

या युक्तिवादाला उत्तर नाही. मी मारुतीला तेल घालून येतो आणि मग निघतो. हा आमच्यातला जुना तह आहे.

आकाशावर प्रेम करणाऱ्याने चंद्राबद्दल वाईट बोलू नये असं लोकांना वाटतं. मी बोलतो. सगळं मराठी भावगीत चंद्राच्या बाजूने उभं आहे. त्यात एकट्या माणसाने विरुद्ध मत दिलं म्हणून काही बिघडत नाही. पौर्णिमेच्या आगेमागे आठवडाभर हा गृहस्थ आकाशात दुसऱ्या कुणाला बोलूच देत नाही. कोजागिरीला गच्चीवर सगळे आटीव दुधात चंद्र बघत असताना मी मुकाट्याने दूध पितो, कारण दुधाशी माझं भांडण नाही. उलट आश्विनातली अमावास्या पाहा. पाऊस गेलेला, हवा धुतलेली, चंद्राचा पत्ता नाही. वर्षातली ही इतकी सुंदर काळी रात्र आपण नेमकी लक्ष्मीपूजनाला देऊन टाकली, आणि घराघरांतून माळा, पणत्या, आकाशकंदील लावून तिचा पुरता बंदोबस्त केला. वर फटाक्यांचा धूर. एकाच अमावास्येला सगळे हौसेने घराबाहेर पडतात, तर तिलाही अमावास्या म्हणून शिल्लक ठेवत नाहीत.

माझी आवडती अमावास्या फाल्गुनातली. त्याला कारण एक फ्रेंच माणूस. शार्ल मेसिए हा अठराव्या शतकातला पॅरिसचा धूमकेतूवेडा. धूमकेतू शोधताना त्याला आकाशात जागोजागी धुरकट ठिपके दिसत. ते हुबेहूब धूमकेतूसारखे भासत, पण रात्रीमागून रात्री गेल्या तरी जागचे हलत नसत. वैतागून त्याने या फसव्या ठिपक्यांची यादीच करून टाकली, म्हणजे पुन्हा कुणाचा वेळ वाया जायला नको. पहिल्या यादीत ४५ नोंदी होत्या, आज ती ११०ची धरली जाते. त्याने शोधलेले धूमकेतू आता कुणाच्या लक्षात नाहीत. ज्यांच्याकडे बघू नका म्हणून त्याने बजावलं, ते एकशेदहा ठिपके बघण्यासाठी मात्र जगभरचे लोक रात्री जागवतात. ते तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिका निघाले. मार्चअखेरीच्या सुमाराला सूर्य आकाशात अशा जागी असतो, की हे जवळजवळ सगळे ठिपके एकाच रात्रीत पाहता येतात. संध्याकाळी यादीतल्या एम ७४ पासून सुरुवात, पहाटे एम ३० ला शेवट. याला मेसिए मॅरेथॉन म्हणतात. आणि मार्चअखेरीची अमावास्या म्हणजे बहुतेक पाडव्याची आदली रात्र. त्यामुळे जी माणसं पाडव्याच्या सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी गुढीची काठी धरून तोल सांभाळत उभी असतात, त्यांच्याबद्दल शेजाऱ्यांनी लगेच वेगळा विचार करू नये.

एकेकाळी यासाठी फार लांब जावं लागत नसे. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली निघाली, तेव्हा शहरातली गच्चीही पुरत असणार. मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीच्या रात्रींत कितीतरी लोकांना आकाशाची अक्षरओळख करून दिली; कर्जत लोकलने जायचं, सतरंजी पसरायची आणि पहिल्या गाडीने परत. मधल्या काळात बदलापूर वाढत वाढत वांगणीच्या दिशेने सरकलं. ग्रामीण भागात तर भारनियमनाने ही सेवा घरपोच दिली होती. दोन हजारच्या दशकात रोज कित्येक तास वीज नसायची, सगळं गाव अंगणात यायचं आणि वीजमंडळाचा उद्धार करता करता माना आपोआप वर जायच्या. त्या खात्याने खगोलशास्त्राची केलेली ही सेवा कुठल्याही इतिहासात नोंदलेली नाही. पुढे इन्व्हर्टर आले आणि माणसं परत आत गेली.

आता काळोखासाठी तेल जाळावं लागतं. आम्ही अकोले तालुक्यात घाटमाथ्यालगतच्या एका वाडीत जातो. वाडीचं नाव सांगत नाही. सांगितलं की पुढच्या शनिवारी तिथे तंबू लागतात. धरणांच्या काठांवर असे तंबू आता पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखे उगवलेत. ‘लाखो ताऱ्यांखाली एक रात्र’ अशी जाहिरात असते. तंबूभोवती दिव्यांच्या माळा, मध्ये शेकोटी, बाजूला कर्णा आणि त्यावर गाणी. खरं म्हणजे उत्तम काळोखातसुद्धा उघड्या डोळ्यांना एका वेळी अडीच-तीन हजार तारेच दिसतात. लाखाचा हिशोब बहुधा माळांसकट धरलेला असावा.

आमच्यातल्या एका मित्राला आकाशापेक्षा उपकरणांची आवड जास्त. त्याच्याकडे दुर्बीण, दुर्बिणीला फिरवणारी मोटर, मोटरला बॅटरी, बॅटरीला चार्जर आणि या सगळ्याला झाकायला एक छत्री आहे. तो मांडामांड करेपर्यंत मृग मावळतीकडे कललेला असतो. दुसऱ्याचा भर डोळ्यांवर. डोळ्यांचं म्हणणं त्याला पटलेलं आहे, आणि मलाही. काळोखात गेल्यावर बाहुली मोठी व्हायला काही क्षण पुरतात, पण दृष्टिपटलावरच्या दंडपेशींमधलं ऱ्होडॉप्सिन नावाचं द्रव्य पुन्हा साठायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ नुसतं बसायचं. काही करायचं नाही. शहरी माणसाला यातच पहिला घाम फुटतो. पाच मिनिटांत हात खिशाकडे जातो, फोन उजळतो, अर्ध्या तासाची कमाई एका फॉरवर्डवर खर्च होते, आणि तो फॉरवर्ड ‘शुभ रात्री’चा असतो.

म्हणून बॅटरीला लाल जिलेटिनचा कागद लावायचा. लाल प्रकाश दंडपेशींना फारसा जाणवत नाही. फोनचं असं, बॅटरीचं तसं. गाडीचं काय करायचं, याचं उत्तर मात्र अजून कुणाला सापडलेलं नाही. आजच्या गाडीला तुम्ही नुसते जवळ आलात याचाच इतका आनंद होतो, की ती आतले, बाहेरचे, आरशाखालचे सगळे दिवे लावते आणि वर दोनदा चिवचिवते. कुणी चिवड्याची पिशवी काढायला दार उघडलं, की माळावरून चारी दिशांनी एकच आरोळी उठते: “अरे, दार!” त्या आरोळीत जी भाषा पुढे जोडली जाते, ती छापायची सोय नाही.

आणखी एक गंमत डोळ्यांचीच. अगदी मंद गोष्टीकडे सरळ बघितलं तर ती दिसत नाही, कारण नजरेच्या ऐन मध्यभागी दंडपेशी नसतातच. जरा बाजूला बघायचं आणि लक्ष मात्र तिच्याकडे ठेवायचं. मग ती अलगद उमटते. ही विद्या आम्ही नवख्यांना मोठ्या गांभीर्याने शिकवतो. लावणीच्या फडात तिच्यासाठी वेगळे वर्ग घ्यावे लागत नाहीत.

तर एवढं सगळं जमून आलं, डोळे मुरले, गाडी झोपली, की वर बघायचं. आणि इथे एक अडचण येते, जिच्याबद्दल कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. काही ओळखू येत नाही.

ठाण्याच्या आमच्या बाल्कनीत मी आकाशाचा जाणकार आहे. शुक्र, गुरू, व्याध, रोहिणी, मृगाच्या पोटातले तीन तारे, उन्हाळ्यात स्वाती आणि चित्रा, आणि उरलेली विमानं. सोसायटीतली मुलं बोट दाखवतात, मी नाव सांगतो, शंभरात शंभर. कारण शहराने अभ्यासक्रमच कापून ठेवला आहे. शहराचं आकाश म्हणजे परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मिळणारा अपेक्षित प्रश्नसंच: नेमके महत्त्वाचे तारे ठेवलेले, बाकी पुस्तक गाळलेलं. खऱ्या काळोखात ते सगळं गाळलेलं पुस्तक एकदम अंगावर येतं. व्याध असतो, पण त्याच्या आजूबाजूला इतकी गर्दी की तोच गडबडल्यासारखा दिसतो. मृगाच्या चार कोपऱ्यांच्या आत शहरात पोकळी असते, इथे तिच्यात वस्ती झालेली. कर्क राशी, जी ठाण्यात मी केवळ श्रद्धेने दाखवतो, ती इथे खरोखर आहे आणि तिच्या मधोमध पुष्याजवळ एक धुरकट पुंजका नुसत्या डोळ्यांना दिसतो. लहानपणापासून ओळखीच्या नक्षत्रांच्या रेघा त्या गर्दीत विरघळून जातात. आमच्यातला सगळ्यात वाचलेला सदस्य पहिला पाऊण तास फक्त “थांब हां” एवढंच म्हणतो.

मला ही अवस्था फार आवडते. आयुष्यात ज्या मोजक्या विषयांत आपण चारचौघांत तोंड उघडतो, त्यांतला एक असा गुपचूप हातातून निसटतो आणि त्याचं वाईट वाटत नाही. एरवी असं झालं तर माणूस वादाला उभा राहतो.

अशाच एका रात्री आमची सुटका केली बाबांनी. ज्यांच्या खळ्यावर आम्ही सतरंज्या टाकतो, ते हे बाबा. वय सत्तरीच्या पुढे, झोप कमी, आमच्याबद्दल कुतूहल कमी, दया जास्त. मित्राची दुर्बीण मोटरीवर फिरत फिरत सप्तर्षींकडे निघाली होती आणि मध्येच अडून बसली होती. बाबांनी विडी बाजूला ठेवली, जिचा उजेड आम्हाला टोचत होता पण सांगायची हिंमत झाली नव्हती, आणि हात वर केला.

“काय हुडकताय? बाज ना? ही काय बाज. चार खूर दिसले का? ही म्हातारीची बाज आन् हे मागचे तीन चोर.”

“चोर?”

“बाज वढायला आलेत. रातभर वढत्यात. म्हातारी काय उठंना आन् बाज काय निघंना.”

आणि खरंच, तो चौकोन आणि मागे वाकलेली तीन ताऱ्यांची रांग त्या गर्दीतून चटकन सुटी झाली. शास्त्रात हे तीन चोर म्हणजे अंगिरस, वसिष्ठ आणि मरीची. मधल्याला चिकटून एक बारीक तारा असतो, ती अरुंधती. मी ते सांगितलं. बाबा म्हणाले, “आमच्या लग्नात भटजींनी दावली व्हती. वैशाखातला गोरज मुहूर्त. येळ झाला, अंधार पडला, मंग दावली.” मी त्यांच्याकडे जरा वेगळ्या आदराने पाहिलं. वैशाखात संध्याकाळी सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले असतात; म्हणजे या माणसाने अरुंधती खरोखर पाहिली होती. मी अलीकडे ज्या लग्नांना गेलो, त्यांचे मुहूर्त भर दुपारचे आणि जागा वातानुकूलित. तिथेही गुरुजी “वर बघा” म्हणतात, नवरानवरी छताकडे बघतात, छतात खोचलेले दिवे लुकलुकतात आणि दोघंही “दिसली” म्हणून मोकळे होतात. संसाराची सुरुवात संगनमताने होते, हे एका अर्थी बरंच आहे.

मध्यरात्रीनंतर वृश्चिक वर आला आणि त्याच्या शेपटीमागून आकाशगंगा. तीनच्या पुढे ती धनू राशीपाशी चांगली जाड झाली, मध्ये काळे पट्टे, कडांना फाटलेली. नवख्या मंडळींपैकी एक जण म्हणाला, “ढग आले वाटतं.” असं म्हणणारा दर वेळी एक तरी असतो आणि त्याला कुणी हसत नाही, कारण त्याचा दोष नाही. २०१६ साली जगाच्या रात्रीच्या उजेडाचा एक नकाशा प्रसिद्ध झाला. त्यानुसार जगातल्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसांना आपल्या घरून आकाशगंगा दिसतच नाही. २०२३ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने तर हौशी लोकांनीच बारा वर्षं मोजलेल्या ताऱ्यांवरून हिशोब मांडला: आकाशाचा उजेड वर्षाला सुमारे १० टक्क्यांनी वाढतो आहे. ज्या ठिकाणी मूल जन्मताना २५० तारे दिसतात, तिथे ते मतदानाच्या वयाला येईपर्यंत १०० उरतात. आपल्याकडे आणखी एक दैवी अडचण: आकाशगंगेचा तो जाड, देखणा भाग भर रात्री डोक्यावर असतो तो आषाढ-श्रावणात, म्हणजे आपण ढगांखाली भजी तळत असतो तेव्हा. म्हणून फाल्गुन-चैत्रातली पहाट. महाराष्ट्रात आकाशगंगा बघायची तर झोपमोड हे तिकीट.

पश्चिमेला मुंबई-कल्याणकडे क्षितिजावर एक मळकट पांढरा फुगवटा होता. उत्तरेकडे नाशिकचा. आणि पूर्वेला, अगदी जवळ, वाडीच्या वाटेवर खांबावरचा एलईडी. पूर्वी तिथे पिवळा बल्ब होता, असून नसल्यासारखा. हा नवा दिवा पांढराशुभ्र आणि उत्साही. वाटेवर तर उजेड टाकतोच, शिवाय बाबांच्या ओसरीवर, समोरच्या जांभळीवर आणि राहिलेला आकाशात. उपकरणवाल्या मित्राने फार अदबीने विचारलं, “बाबा, हा दिवा रात्रीपुरता बंद करता येईल का हो?”

बाबांनी विडी पेटवली. “तुमी कवा जाणार?”

“सकाळी.”

“आन् बिबट्या?”

यावर आमच्यापैकी कुणाकडे माहिती नव्हती.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या गोठ्यातून शेळी गेली. त्याआधी एकाला वाटेत मण्यार चावली. दिव्यासाठी बाबांच्या मुलाने पंचायतीत खेटे घातले होते. काळोख ज्याला पाहुणा म्हणून भेटतो, त्याने तो ज्याच्या घरी रोज मुक्कामाला असतो त्याला त्याचं सौंदर्य समजावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्यातले काही जण हे मानत नाहीत. ते रात्र ही सांस्कृतिक ठेव वगैरे म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या सोसायटीच्या फाटकावर चार हॅलोजन आहेत.

पण बाबा बरोबर असले म्हणून दिवा बरोबर ठरत नाही. बिबट्या आकाशातून येत नाही. वर गेलेला उजेड ना शेळीच्या कामाचा, ना माणसाच्या. त्यात पांढऱ्या एलईडीमध्ये निळा अंश जास्त, आणि निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. दिवसा आकाश निळं दिसतं ते ज्या कारणाने, त्याच कारणाने असा दिवा रात्री आकाशाला पिठूळ करतो. नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने हे साध्या पद्धतीने सोडवलं. वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभराहून अधिक दिवे बदलून खाली तोंड केलेले बसवले. लोकांना वाट दिसते, वाघाच्या प्रदेशात ती दिसायलाच हवी, आणि वर काळोख शाबूत. जानेवारी २०२४ मध्ये पेंचला भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. लडाखमध्ये हानलेला २०२२ सालीच असं राखीव आकाश जाहीर झालं होतं. पण ते साडेचार हजार मीटरांवर, तिथे तारे बघताना श्वासही मोजावे लागतात. तिथली दोन मीटरची दुर्बीण चालवणारे शास्त्रज्ञ बंगळुरूजवळ होसकोट्याला बसून उपग्रहामार्फत ती चालवतात, यावरून काय ते समजावं.

मी बाबांना पेंचची हकिगत सांगितली. खाली तोंड, वर झाकण. ते ऐकत होते की नाही कळलं नाही. “वाघ हाय का तितं?” एवढंच त्यांनी विचारलं. आहे म्हटल्यावर त्यांना त्या दिव्यांबद्दल जरा विश्वास वाटला असावा.

पुढच्या खेपेला गेलो तर खांबावरच्या दिव्याला पत्र्याचं टोपडं होतं. तेलाचा डबा उभा कापून, कडा आत वळवून, तारेने बांधलेला. ओसरीवर अंधार, वाटेवर लख्ख उजेड. आम्ही गहिवरायच्या बेतात होतो.

“आकाशासाठी केलंत, बाबा?”

“नाय वो. डोळ्यावर येतंय, झोप लागत नाय. आन् कालवणात पाखरं पडत्यात.”

वायरमनने येऊन हे सरकारी दिव्याला काय लावलं म्हणून विचारलं होतं म्हणे. बाबांनी त्याला ओसरीवर बसवून जेवायला वाढलं आणि ताटात पाखरू पडत नाही हे दाखवलं. वायरमनचं घर खालच्या गावात, खांब अगदी दाराशी. त्याने डब्याचं माप घेतलं. पंधरा किलोचाच लागतो. पाच लिटरचा पुरत नाही, बाजूने उजेड निसटतो.